सेवानिवृत्ती आणि पक्षीसेवा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त पक्षी सप्ताहात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत मी या व्यासपीठावरून बोललो ते फक्त हिशोबावर. मेंटेनन्स किती थकला, सिंकिंग फंडात किती जमा, लिफ्टच्या एएमसीला किती गेले. म्हणून सेक्रेटरी साहेब परवा घरी आले आणि म्हणाले, "काका, या वेळी आकडे नकोत, तुमच्या पाखरांवर बोला," तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वीस मिनिटांची वेळ द्या त्यांना, नाहीतर रात्रीचं जेवण तिथंच होईल." तेव्हा वीस मिनिटांत आटोपतो.

सुरुवातीलाच एक सांगतो. मी पक्षीतज्ज्ञ नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस. सदतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, कॅशिअर म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून बाहेर पडलो. साठाव्या वर्षी बँकेने नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट लक्षात आली, ती इथल्या सगळ्या निवृत्त मंडळींना पटेल. फोन वाजायचा बंद होतो हो! काल-परवापर्यंत "साहेब, तेवढं सँक्शन बघा," "साहेब, चेक पास करा," म्हणून दिवसाला पन्नास फोन. आणि आता विमा पॉलिसीवाल्या मुलीशिवाय कुणाला तुमची आठवण येत नाही. पहिले सहा महिने मी पेपर दोनदा वाचला, भाजी तीनदा आणली आणि घरच्यांच्या कामात चारदा लुडबुड केली.

मग सकाळी हिमायत बागेत फिरायला जायला लागलो. तिथे मोर आहेत, झाडं जुनी आहेत, विहिरी आहेत. फिरणाऱ्या मंडळींत दोन-तीन जण गळ्यात दुर्बीण अडकवून येणारे. त्यांच्याबरोबर थांबत थांबत चालायची सवय लागली. आणि असंच एका संक्रांतीनंतर त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "काका, तुमच्याकडे स्कूटर आहे का? एक घार दवाखान्यात न्यायचीय. खोका धरून बसायला माणूस आहे, गाडी नाही." माझ्या दुसऱ्या नोकरीची नेमणूक अशी झाली. पगार नाही, पेट्रोल आपलं. पण फोन पुन्हा वाजायला लागला.

आता ही पक्षीसेवा म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की आम्ही पाखरं घरी आणून पाळतो. तसं बिलकुल नाही. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. रानातला किंवा गावातला मोकळा पक्षी, मग तो पोपट असो की घुबड, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. जखमी आहे म्हणून आणला आणि बरा झाला तरी ठेवून घेतला, हेही चालत नाही. आमचं काम मधल्या माणसाचं. पक्षी सुरक्षित उचलायचा, खोक्यात ठेवायचा, वन विभागाला कळवायचं आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचा. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६, 'हॅलो फॉरेस्ट' म्हणतात त्याला. हा नंबर मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

उचलायचं कसं, यालाही पद्धत आहे. घाईत माणूस धावतो आणि पहिली गोष्ट कोणती करतो? चोचीत पाणी ओततो. हे कधीही करू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून ओतलेलं पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जातं आणि पाणी पाजणाऱ्याच्या हातातच पाखरू जातं. दूध नको, पोळी नको, भात नको. एक बुटांचा किंवा किराण्याचा खोका घ्या, त्याला पेन्सिलीने चार-सहा भोकं पाडा, खाली जुना सुती कपडा टाका. पक्ष्यावर अलगद टॉवेल टाकून तो उचला आणि खोक्यात ठेवून झाकण लावा. अंधार आणि शांतता हे पक्ष्याचं पहिलं औषध. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही, मुलांना दाखवायचं नाही, सेल्फी तर अजिबात नाही. आपल्याला ते प्रेम वाटतं. त्या जीवाला मात्र वाटतं की आपल्याला धरलेला प्राणी आता खाणार. त्या भीतीनेच कित्येक पक्षी दगावतात.

काचेवर आपटलेला पक्षी बऱ्याचदा नुसता भोवळ आलेला असतो. तासाभर खोक्यात ठेवला आणि मग बागेत झाकण उघडलं की आपला आपण उडून जातो. पाकोळी मात्र वेगळी. तिचे पाय इतके आखूड की सपाट जमिनीवरून तिला सहज उडता येत नाही. लोकांना वाटतं पंख मोडलाय. जखम नसेल तर तिला तळहातावर घेऊन उंच धरा, वर फेकू नका, ती स्वतःहून निघते.

आणि पिल्लांचं. मे-जून लागला की रोज एक फोन, "काका, पिल्लू खाली पडलंय." मी विचारतो, अंगावर पिसं आहेत का? हो म्हणाले तर सांगतो, राहू द्या तिथेच. बुलबुल, साळुंकी, कोतवाल यांची पिल्लं उडायला शिकताना एक-दोन दिवस जमिनीवर, झुडपात असतात आणि आई-बाप वरून घास आणून देत असतात. तुम्ही तिथे उभे असेपर्यंत ते येत नाहीत इतकंच. कुत्र्या-मांजराच्या वाटेत असेल तर जवळच्या झुडपावर ठेवा आणि दूर जाऊन तासभर बघा. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. ते खरं नाही. पक्षी पिल्लाला हाताच्या वासावरून टाकत नाहीत.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. आपल्या शहरात पाखरांचा सगळ्यात मोठा वैरी कोण विचाराल तर मी म्हणेन, नायलॉन मांजा. मकर संक्रांतीला आपण तिळगूळ देतो, गोड बोला म्हणतो, आणि वर आकाशात करवती सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी आहे म्हणून तो दुकानात समोर टांगलेला दिसत नाही, मागून मिळतो. माणसांचे गळे कापल्याच्या बातम्या दर वर्षी आपण वाचतो, पाखरांच्या बातम्या होत नाहीत.

मांजात अडकलेली घार कशी असते ते ज्याने पाहिलं त्याला पुन्हा पतंगाची मजा वाटत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत एक पातळ कातडीचा पडदा असतो. मांजा बसतो तो तिथे. घार जितकी फडफडते तितका तो आत जातो, कातडी कापून स्नायूपर्यंत, कधी हाडापर्यंत. कातडी शिवता येते, पण आतली शीर तुटली तर ती घार जन्मभर उडत नाही. म्हणून अडकलेला दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी लांब कापा आणि अंगाला लागलेला तुकडा तसाच ठेवून डॉक्टरांकडे द्या. ते सोडवतील.

यातली दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. आपल्याकडे घारींचा विणीचा हंगाम थंडीतच असतो. संक्रांतीच्या सुमारास घारीचं घरटं चालू असतं. म्हणजे एक घार मेली तर घरट्यातली अंडी-पिल्लंही गेल्यात जमा. आणि तिसरी गोष्ट. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो, नायलॉन वर्षानुवर्षं झाडावर लोंबत राहतो. सण एका दिवसाचा, पण मला मांजाचे फोन जूनमध्येही येतात, गणपतीतही येतात.

म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही झाडांवरचा मांजा काढायला जातो. वरची चढाई जुन्या शहरातली पोरं करतात. त्यातला एक पतंगबाजांच्या घरातलाच आहे. काकापासून आजोबापर्यंत सगळे पतंगवाले. तो माकडासारखा सरसर कडुनिंबावर चढतो आणि वरून मला ओरडतो, "चाचा, नीचे से हटो, घोंसला है, टहनी नहीं हिलाना!" मी त्याला एकदा विचारलं, तू पतंग उडवतोस की नाही? म्हणाला, "उडाता हूँ ना चाचा, लेकिन सद्दी से." सद्दी म्हणजे साधा सुती दोरा. मला वाटतं, बंदीच्या दहा परिपत्रकांनी जे होत नाही ते या एका पोराने त्याच्या गल्लीत केलंय. शेजारच्या गुजरातमध्ये संक्रांतीच्या काळात सरकारच 'करुणा अभियान' चालवतं. पाखरं सकाळी चरायला निघतात आणि संध्याकाळी परततात, त्या दोन वेळी तरी पतंग उडवू नका, असं ते सांगतात. आपल्या गच्चीपुरता हा नियम आपणही करू शकतो. कुणाची परवानगी लागत नाही.

आता बँकेतल्या माणसाची खोड सांगतो. मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. तारीख, वेळ, पक्षी कोणता, कुठे सापडला, काय झालं होतं, कुणाच्या ताब्यात दिला आणि शेवट काय. शेवटच्या रकान्यात तीनच नोंदी: सोडला, उपचारात, गेला. आमच्या कॅशला रोज संध्याकाळी टॅली लागायची, तशी या वहीला लागत नाही. 'गेला' हा शब्द फार वेळा लिहावा लागतो. सुरुवातीला मला रात्री झोप यायची नाही. सौ. एकदा म्हणाल्या, "अहो, तुमच्या बँकेत सगळी कर्जं वसूल व्हायची का?" नाही व्हायची. पण म्हणून वसुली खातं बंद केलं नाही कुणी.

पण त्या वाक्यावर मी पुढे बराच विचार केला. वसुली हे शेवटचं काम आहे. कर्ज बुडायला लागल्यावर वसुली अधिकारी पळतो. खरं काम त्याच्या आधी, कर्ज मंजूर करताना व्हायला हवं असतं. पक्ष्यांचंही तसंच. खोका घेऊन पळणं ही वसुली. पाखरू जखमीच होणार नाही अशी व्यवस्था लावणं हे संवर्धन. दोन्ही लागतं, पण दुसऱ्याशिवाय पहिलं पुरं पडत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण गिधाडांचं. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. भारतातल्या तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. लोक म्हणाले रोग आला, कुणी म्हणालं झाडं तोडली. २००४ साली शोध लागला की जनावरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक नावाचं औषध गिधाडांच्या मुळावर आलंय. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. आता सांगा, हजारो खोके घेऊन आम्ही पळालो असतो तरी काय होणार होतं? २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तेव्हा कुठे घसरण थोपवायला आधार मिळाला. एका कागदाने जे झालं ते लाख खोक्यांनी झालं नसतं. म्हणून माझी वही मी कारणांसाठी वाचतो. कुठल्या रस्त्यावर मांजा जास्त, कुठल्या इमारतीच्या जाळीत पक्षी अडकतात, कुठल्या महिन्यात कशाने पडतात.

ही वही वाचली की आपल्या सोसायटीसाठी चार गोष्टी निघतात.

पहिली, कबुतराच्या जाळ्या. गॅलऱ्यांना जाळी लावायला माझा विरोध नाही. पारव्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाचे आजार होतात, हे डॉक्टर सांगतात, आणि मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण पेटलं ते आपण टीव्हीवर पाहिलं. पण जाळी ताणून बसवा, फाटली की लगेच शिवा. ढिल्या जाळीत होला अडकतो, बुलबुल अडकतो आणि त्या फ्लॅटला कुलूप असेल तर उन्हात तडफडून मरतो. आणि एकीकडे जाळी लावायची, दुसरीकडे गच्चीवर पोतंभर ज्वारी टाकायची, हे कसं चालेल? धान्य टाकणं बंद करा, पारवे आपोआप कमी होतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पाखरं उडता उडता खाली पडतात. मातीचं पसरट भांडं ठेवा, त्यात एक-दोन दगड टाका म्हणजे चिमणी आणि मधमाशीसुद्धा पाय टेकून पाणी पिऊ शकते. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची शेती होईल. तुम्ही म्हणाल, आपल्याच नळाला दिवसांच्या अंतराने पाणी येतं आणि हे काका पाखरांना मागतात! अहो, वाटीभर मागतोय. आणि हेही लक्षात घ्या की आपण आणि ती पाखरं एकाच भांड्यातलं पितो. आपल्या नळाला येतं ते पैठणच्या नाथसागराचं पाणी. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. धरण बांधलं ते शेतीसाठी. त्यात गावं गेली, माणसं उठली, हे विसरून चालणार नाही. पण पाणी पसरलं तसे पक्षी आले आणि १९८६ साली तो जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस हिवाळ्यात तिथे येतात, रोहित येतात, करकोंचे येतात. मोठ्या लोकांनी नुसतं पाणी साठवलं, पत्ता पाखरांनी आपला आपण शोधला.

तिसरी गोष्ट घुबडाची. सी विंगच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडाने घर केलं होतं, ते जुन्या सभासदांना आठवतं. वॉचमन मामा घाबरले, म्हणाले अवदसा आलीय. दोघा-तिघांनी सांगितलं, डक्ट बंद करून टाका. आतमध्ये पिल्लं होती. मी तेव्हा कमिटीपुढे एवढंच म्हणालो, दिवाळीत आपण लक्ष्मीची पूजा करतो, तिचं वाहन कोणतं? आणि ते वाहन स्वतः घरी आलंय तर त्याला चिणून मारायचं? पिल्लं उडायला दोन महिने लागतात, तेवढा धीर धरा. धरला सगळ्यांनी. सी विंगच्या वहिनी रात्री फुसफुस आवाजाने झोपमोड होते म्हणून तक्रार करायच्या, पण पिल्लं उडाल्यावर त्यांनीच विचारलं, "परत नाही आली का हो?" गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, त्याचं बिल काय येतं ते गाडीवाल्यांना विचारा. रोज रात्री ड्युटीवर येणारा आणि पगार न मागणारा असा माणूस आपल्याला ठेकेदाराकडून मिळणार आहे का?

आणि चौथी गोष्ट, ज्यासाठी खरं तर मी आज उभा आहे. मागची चिंच.

आपल्या कंपाउंडमधली ती चिंच सोसायटीच्या आधीपासूनची आहे. प्लॉट घेतला तेव्हा ती होती, पाया खणताना ती होती. दर पावसाळ्यात तिच्यावर गाय बगळे आणि वंचक घरटी करतात. त्या दिवसांत झाडाखाली वास येतो, गाड्यांवर पांढरे डाग पडतात, हे शंभर टक्के खरं आहे. माझी स्वतःची गाडी त्याच झाडाखाली उभी असते, तेव्हा मला कुणी सांगू नका की त्रास होत नाही. पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे दोन सूचना आल्या आहेत. एक, चिंच काढून तिथे सहा गाड्यांचं पार्किंग करायचं. दुसरी, नुसत्या फांद्या छाटायच्या, पण ठेकेदार पावसाळ्याच्या तोंडाशी येईल म्हणतो.

यावर माझं म्हणणं हिशोबी भाषेत सांगतो. गाय बगळ्याची अंडी उबायला साधारण साडेतीन आठवडे लागतात आणि पिल्लू नीट उडायला पुढे महिना ते सव्वा महिना. जूनच्या पावसाबरोबर घरटी सुरू होतात, मागं-पुढं होत सप्टेंबरअखेर रिकामी होतात. म्हणजे वर्षातले चार महिने झाडाला हात लावायचा नाही, आठ महिने आपले. छाटणी करायचीच असेल तर डिसेंबरात करा, त्या वेळी एकही घरटं चालू नसतं. गाड्यांवर येणाऱ्या फांद्या कमी करा, मागच्या भिंतीकडच्या ठेवा. चार महिने त्या सहा जागांवर शेड-नेट ताणू, त्याचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देतो, ते लिहून घ्या.

आणि कायद्याचं म्हणाल तर झाड काढायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वन्यजीव कायद्यात तर पक्ष्याची अंडी-घरटी मोडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. २०२२ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी एक झाड पाडलं. त्यावर बगळ्यांची घरटी होती. पिल्लं रस्त्यावर पडून मेली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, गुन्हा दाखल झाला. झाड पाडणाऱ्यांनी चार-सहा आठवडे थांबले असते तर? रस्ता तरीही झालाच असता.

पण कायद्याच्या धाकाने तुम्ही चिंच ठेवावी, असं मला वाटत नाही. धाकाने ठेवलेलं झाड कधीतरी रात्री ॲसिड घालून मारतात. ठेवायची तर मनाने ठेवा. त्यासाठी एक गोष्ट सांगतो. नागालँडमध्ये दोयांग नावाच्या धरणाचा जलाशय आहे. आपल्या नाथसागरासारखाच माणसाने केलेला. तिथे दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे लाखांच्या संख्येने उतरतात. सैबेरिया, चीनकडून येतात आणि आफ्रिकेला जातात. २०१२ साली तिथले लोक जाळी लावून ते पकडत आणि विकत, याची चित्रफीत जगासमोर आली. एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारले जात होते. गरीब गावं ती, त्यांचं उत्पन्न होतं ते. मग पांगती आणि आजूबाजूच्या गावांच्या सभा भरल्या, चर्चमध्ये लोक बोलले, गावांनी स्वतः ठराव केला. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, एकही ससाणा मारला गेला नाही. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, त्यांना नाव दिलं नागा, वोखा आणि पांगती. असे ससाणे भारत ओलांडताना महाराष्ट्रावरून जातात, अरबी समुद्र पार करून आफ्रिका गाठतात. म्हणजे त्या डोंगरातल्या गावाने केलेला ठराव आपल्या डोक्यावरून उडत जातो, बरं का! ठराव म्हणजे नुसता मिनिट बुकातला कागद नसतो. आपलीही सभा आहे, आपणही ठराव करू शकतो.

आजच्या दिवसाचं महत्त्व सांगून संपवतो. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख डॉ. सालिम अलींच्या. ज्यांच्या नावाने दिल्ली गेटजवळचं आपलं सरोवर आहे, त्या सालिम अलींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून कुतूहलाने ती ओळखायला मुंबईत बीएनएचएसकडे गेले आणि तिथून सगळं आयुष्य पाखरांचं झालं. चितमपल्ली तर वनखात्याचे अधिकारी, सोलापूरचे. निवृत्तीनंतरही त्यांचं लिहिणं-शिकणं थांबलं नाही. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन. त्या वर्षीचा पक्षी सप्ताह हा त्यांच्याशिवायचा पहिलाच. निवृत्ती ही कामाची तारीख असते, माणसाची नसते, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

आणि म्हणून शेवटची विनंती. मी आता चौऱ्याहत्तरीत आहे. डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे, गुडघे तर स्वतःच बंद पडत आलेत. फोन अजून येतात आणि ते यायला हवेत, पण खोका घेऊन धावायला माणसं पाहिजेत. आपल्या चार विंगांतून प्रत्येकी एक तरुण किंवा तरुणी मला द्या. रोज नको, महिन्यातून दोन रविवार आणि एखादी रात्र. वन विभागाशी कसं बोलायचं, डॉक्टरांकडे कधी जायचं, मांजा कसा कापायचा, सगळं शिकवतो. निवृत्तीला एक-दोन वर्षं राहिलेल्या मंडळींनीही नावं द्यावीत, तुमचा फोन बंद पडायच्या आत. दोन खोके, जुने टॉवेल, जाड हातमोजे आणि कात्री, एवढं सामान सोसायटीच्या ऑफिसात ठेवायला कमिटीने एक कप्पा द्यावा, ही मागणी मी लेखी देत आहे.

माझी वही पण त्या कप्प्यात ठेवणार आहे. त्यात पुढची पानं कोरी आहेत. यापुढच्या नोंदी दुसऱ्या अक्षरात झाल्या तर मला फार बरं वाटेल.

चिंचेची सभा १४ डिसेंबरला, रविवारी सकाळी दहा वाजता आहे. कोरमसाठी तरी या.